निकाल वाचणाऱ्या मुलीला वकिलीला पाठवावे का?

आदरणीय भाऊ,
सप्रेम नमस्कार.

चोपडा तालुक्यातून आपण पाठवलेले पत्र मिळाले. आपली कन्या अमळनेरला बी.ए.च्या शेवटच्या वर्षात शिकते, न्यायालयांचे निकाल वाचून त्यांवर मराठीत टिपणे लिहिते आणि तिला एलएल.बी. करायचे आहे. घरचा वाटपाचा दावा वर्षानुवर्षे तारखांवर चालल्यामुळे आपले मन या क्षेत्रापासून विटले आहे आणि तिने स्पर्धा परीक्षा द्यावी, असे आपणांस वाटते. माझे मत स्पष्टपणे सांगतो: तिला वकिलीला जाऊ द्यावे.

आपला त्रास खरा आहे. वाटपाच्या दाव्यात प्राथमिक हुकूमनाम्याने फक्त कोणाचा हिस्सा किती, एवढेच ठरते. शेतसारा आकारलेल्या जमिनीची प्रत्यक्ष फाळणी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 नुसार जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते, आणि मध्येच एखादा पक्षकार मयत झाला की वारसांची नोंद, पुन्हा नोटिसा, पुन्हा तारीख. मात्र यातला बराच विलंब दाव्याच्या पहिल्या मसुद्यातच पेरला जातो. वंशावळीत एखादी आत्या राहून गेली किंवा एक गट नंबर सुटला, तर त्याची किंमत सगळ्या भाऊबंदांना मोजावी लागते. सातबारा, फेरफार आणि जुनी खरेदीखते शांतपणे वाचून मग दावा लिहिणारे वकील तालुक्याला हवेच आहेत, आणि ज्या मुलीला वाचून नेमके लिहिण्याची सवय आहे, तिच्याकडे या कामाचे मूळ भांडवल आहे.

ती सवय किती पक्की आहे, हे तपासण्यासाठी तिला विनिता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा हा सर्वोच्च न्यायालयाचा 11 ऑगस्ट 2020 चा निकाल वाचायला द्यावा. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मानेच येतो, त्यासाठी 9 सप्टेंबर 2005 रोजी, म्हणजे हिंदू वारसा कायद्यातील मुलींना समान हक्क देणारी दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, वडील हयात असणे आवश्यक नाही, असे त्यात ठरले. मात्र 20 डिसेंबर 2004 पूर्वी झालेली वाटपे व विक्री कायद्याने अबाधित ठेवली आहे. बहुतेक जण पहिला भाग सांगून थांबतात. दुसरा भाग तिच्या टिपणात आला, तर ती निकाल समजून वाचते असे मानावे. हा निकाल खानदेशात घरोघरी लागू पडणारा आहे, कारण आपल्याकडे आजही बहिणींकडून हक्कसोड पत्र करून घेण्याची रीत आहे.

एक सावधगिरी मात्र तिने पाळलीच पाहिजे. आपल्या घरच्या प्रलंबित दाव्यावर तिने काहीही प्रसिद्ध करू नये. अंतिम निकाल लागलेल्या प्रकरणाच्या गुणदोषांवर रास्त टीका करणे हा न्यायालयाचा अवमान नाही, असे 1971 च्या न्यायालय अवमान कायद्याचे कलम 5 सांगते. चालू प्रकरणाला ते संरक्षण नाही. शिवाय सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळाल्यावर वकिलाला स्वतःची जाहिरात करता येत नाही, त्यामुळे तिचे लेखन माहितीपुरतेच राहील, पक्षकार मिळवण्याचे साधन होणार नाही, हे आत्ताच मनाशी ठरवलेले बरे.

पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम असून त्यासाठी राज्याची विधी सीईटी, म्हणजे सामायिक प्रवेश परीक्षा, द्यावी लागते. जळगावला आणि धुळ्याला विधी महाविद्यालये आहेत, त्यामुळे शिक्षणासाठी पुणे गाठण्याची गरज नाही. त्यानंतर सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा. पहिल्या काही वर्षांत उत्पन्न तुटपुंजे असते, हे आपण गृहीत धरावे. वकिली व्यवसायाचे नियमन करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये कनिष्ठ वकिलांसाठी ग्रामीण भागात दरमहा किमान 15,000 रुपये मानधनाची शिफारस केली, पण ती बंधनकारक नाही. घरातून तेवढा आधार देणे शक्य आहे का, याचा हिशेब आपण बसून करावा. आपली स्पर्धा परीक्षेची इच्छाही इथे वाया जात नाही: दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर हे पद परीक्षेतूनच भरले जाते, मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या 20 मे 2025 च्या निकालाने त्यासाठी किमान तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक केली आहे.

प्रवेशाआधीच्या सुट्टीत तिला अमळनेरच्या दिवाणी न्यायालयात मागच्या बाकावर बसून उलटतपास ऐकू द्यावा. सुनावणी सर्वसाधारणपणे खुलीच असते. आणि विनिता शर्मा निकालावरचे तिचे टिपण मला अवश्य पाठवावे, वाचून सविस्तर कळवेन.

आपला,
करिअर मार्गदर्शक