वाचकांचे प्रश्न : सोलापुरात राहून ॲक्टिंग कशी शिकू?

प्रश्न : ताई, मी सोलापूरचा, बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. एक क्लासवाले 80 हजार मागतायत, सिरीयलमध्ये रोल नक्की म्हणतात. भरू का?

उत्तर : अजिबात भरू नकोस रे! रोलची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही, आणि जो देतो त्याच्यापासून लांबच राहा. आधी डिग्री पूर्ण कर, कारण दिल्लीच्या एनएसडीला, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला, ग्रॅज्युएशन लागतं, शिवाय आधी किमान 6 नाटकांत काम केलेलं लागतं, आणि ती नाटकं तुला सोलापुरातच करता येतील. हौशी ग्रुप शोध, राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमींना जाऊन बस, पहिल्यांदा प्रॉपर्टी, म्हणजे नाटकातलं सामान, उचलायला लावली तरी उचल, लाइट्स कसे लावतात बघ. अभिनेते अतुल कुलकर्णी सोलापूरच्या नाट्य आराधना या हौशी ग्रुपमधूनच एनएसडीला गेले आणि 1995 ला पास झाले. पुण्यात विद्यापीठाचं नाटक शिकवणारं ललित कला केंद्र आहे, सिनेमा शिकवणारी एफटीआयआय ही संस्था आहे, तिथल्या जाहिराती बघत राहा.

ऑडिशनचा व्हिडिओ घरीच बनतो. खिडकीकडे तोंड करून उभा राहा म्हणजे चेहऱ्यावर उजेड पडतो, पंखा बंद कर नाहीतर आवाज घरघरतो, नाव, उंची सांग, दोन्ही बाजूंनी चेहरा दाखव आणि मग सीन कर. समोरचे डायलॉग बहिणीला वाचायला सांग, ती कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी उभी राहिली की तुझी नजर बरोबर जागेवर राहते. आणि मुंबईला जाताना सहा महिन्यांचा खर्च हातात ठेवूनच जा बाबा.