चिकन राहू दे, आधी रिकाम्या पोटी धावणं थांबव

अगं, माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून सरळ ‘तू’च म्हणते. तू लिहिलं आहेस त्यातलं मला समजलं ते असं: वय २९, वजन ५८ किलो, घरात अंडंसुद्धा येत नाही. दोन हाफ मॅरेथॉन (२१ किलोमीटर) झाल्या आहेत, आता जानेवारीत मुंबईची फुल (४२ किलोमीटर), आणि तीही एका संस्थेसाठी निधी जमवायचा शब्द देऊन घेतलेल्या बिबवर, म्हणजे शर्यतीच्या नंबरावर. लाँग रनला पंचविसाव्या किलोमीटरला पाय शिसं होतात, आणि जिममधला ट्रेनर म्हणतो, ‘चिकन सुरू केल्याशिवाय फुल होणार नाही.’

माझं वय ५१, राहते ठाण्यात. आजवर सहा फुल झाल्या, सगळ्या वरण-भातावर. ट्रेनरचं मला पटत नाही. पण ‘वारकरी माळ घालून आळंदीहून पंढरपूरला जातात, मग तुला काय होतंय’ म्हणणारेही भेटतील, तेही सोडून दे. अडीचशे किलोमीटर अठरा-वीस दिवसांत चालणं वेगळं आणि ४२ किलोमीटर एका सकाळी धावणं वेगळं. उदाहरणच हवं तर फौजा सिंग यांचं घे. शाकाहारी माणूस, पहिली फुल मॅरेथॉन २००० साली लंडनला, तीही ८९व्या वर्षी आणि धर्मादाय निधीसाठी. ट्रेनरला एवढं सांग आणि विषय बंद कर.

तुझं खरं दुखणं तू जाता जाता लिहून गेलीस: ‘पहाटे पाचला फक्त पाणी पिऊन निघते.’ बाई गं! आपल्या स्नायूंत आणि यकृतात साखरेचा जो साठा असतो तो काही तासांपुरताच. रात्रभराच्या झोपेत यकृतातला बराच संपलेला असतो, आणि तू वर अडीच-तीन तास धावतेस. पंचविसाव्याला पाय जड होणारच. चिकन खाणाराही पाण्यावर धावला तर त्याचंही हेच होईल.

निघायच्या पाऊण तास आधी एक केळं किंवा जॅम लावलेले दोन ब्रेड खा. नव्वद मिनिटांपेक्षा जास्त धावायचं असेल तर वाटेतही खायचं, तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. अर्ध्या लिटरच्या बाटलीत सहा चहाचे चमचे साखर, लिंबू आणि पाव चमच्याहून थोडं कमी मीठ घातलं तरी तेवढंच मिळतं. खजूर चालतो. राजगिऱ्याची वडी कागदावर छान दिसते, पण धावताना घशात कोरडी बसते, मी एकदा खोकून खोकून बेजार झाले होते. एनर्जी जेल (धावताना चोखायचं साखरेचं पाकीट) घेणार असशील तर घे, पण शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा नको. पोटालाही सराव लागतो. आणि वाटेतल्या पाण्याच्या प्रत्येक टेबलावर घटाघटा पाणी पिऊ नकोस. मिठाशिवाय नुसतं पाणी अति झालं तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि ते तहानेपेक्षा धोक्याचं.

प्रथिनांचा हिशेब एकदा मांड आणि विसरून जा. लांब धावणाऱ्याला किलोमागे दिवसाला १.२ ते १.६ ग्रॅम लागतात, म्हणजे तुला ८०च्या आसपास. पेलाभर दूध ८, वाटीभर दही ५, पन्नास ग्रॅम पनीर ९, मूठभर शेंगदाणे ७, दोन वाट्या घट्ट वरण किंवा उसळ १४, चार-पाच पोळ्या १५, पोहे-भात ६. झाले ६४. राहिलेल्या सोळांसाठी तीस ग्रॅम कोरडे सोया चंक्स. हे रोज जमत नसेल तर व्हे प्रोटीनची पावडर घे, ती दुधातलीच असते. फक्त कुठलीही कॅप्सूल घेताना वेष्टन जिलेटिनचं (ते प्राण्यांपासून करतात) नाही ना ते बघ, हे दुकानदार आपणहून सांगत नाही.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसले ते. रक्त तपासून घे, आणि नुसतं हिमोग्लोबिन नको. फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा सांगणारी तपासणी) आणि बी-१२ मुद्दाम सांगून करून घे.

धावायला लागल्यावर चौथ्या वर्षी मला इथल्या येऊरच्या चढावर धाप लागायला लागली. आधी ज्या चढावर गप्पा मारत जायचे तिथे थांबायला लागले. वय झालं, असं धरून चालले. हिमोग्लोबिन ११.९, म्हणजे अगदी काठावर, म्हणून कुणी लक्षच दिलं नाही. नंतर फेरिटिन केलं तर ८. लोहाची कोठारं रिकामी होती. पाळी, घाम, आणि पाऊल आपटून आपटून फुटणाऱ्या तांबड्या पेशी, असं तिन्हीकडून लोह जातं. त्यात आपल्या डाळी-भाज्यांतलं लोह शरीर नीट उचलत नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तीन महिन्यांनी चढ परत पूर्वीसारखा झाला. स्वतःच्या मनाने गोळ्या सुरू करू नकोस, लोह जास्त झालेलंही वाईट.

स्वयंपाकघरात करण्यासारखं बरंच आहे. जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकल, चहा लोह अडवतो. (मला हे चिकन सुरू करण्यापेक्षा अवघड गेलं.) उसळीवर लिंबू पिळ, थंडीत आवळा खा. मटकीला मोड आणणं, इडली-आंबोळीचं पीठ आंबवणं यानेही लोह मोकळं होतं. अळिवाचे लाडू बाळंतिणीचे म्हणून हसू नकोस. पालकावर मात्र फार विसंबू नकोस, त्यातलं लोह फारसं अंगी लागत नाही. बी-१२ तर झाडपाल्यात नसतंच. दूध-दह्यातून थोडंफार मिळतं, कमी निघालं तर गोळी किंवा इंजेक्शन घ्यावं लागेल. त्यात शाकाहाराचा पराभव वगैरे काही नाही.

उपासांचं विचारलंस. संकष्टी मीही करते. आदल्या दिवशी दिवसभर उपास आणि दुसऱ्या दिवशी २८ किलोमीटर, असं मात्र करायचं नाही, लाँग रन एक दिवस पुढे सरकव. नवरात्र तुझ्या सरावाच्या मध्यात येईल, घरच्यांशी आताच बोलून ठेव. साबुदाण्याची खिचडी तशी धावणाऱ्याला वाईट नाही, जवळजवळ सगळा स्टार्चच. तूप-दाणे जरा हात राखून घाल.

मुंबईची शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, म्हणजे संक्रांतीच्या आसपास. गुळाच्या पोळ्या बिनधास्त खा. शेवटचे दोन दिवस मात्र उसळी, कोशिंबिरी, पालेभाज्या बंद. मऊ भात, मुगाची पातळ खिचडी, बटाटा. पहिल्या फुलच्या आदल्या रात्री मी ताकद येईल म्हणून दोन वाट्या मटकीची उसळ हाणली होती. सी लिंकवर समुद्र बघायच्या ऐवजी मी फक्त शौचालय शोधत होते. पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास पेडर रोडचा चढ आला तेव्हा अंगात काही उरलंच नव्हतं.

निधीबद्दल. सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज टाकलास तर अंगठे येतील, पैसे येणार नाहीत. एकेकाला नाव घेऊन लिही आणि संस्था काय करते ते दोन ओळींत सांग. पैसे स्वतःच्या खात्यात घेऊ नकोस, थेट संस्थेच्या दुव्यावर जाऊ देत, पावती तिथूनच मिळते. ८०जी, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत, विचारतील त्यांना सांग, सवलत जुन्या करपद्धतीतच, आणि दोन हजारांवरची रोख रक्कम चालत नाही.

एकच भीती वाटते. लोकांनी पैसे दिले की दुखऱ्या पायानेही धावावंसं वाटतं. नडगीत एकाच जागी बोट ठेवल्यावर कळ येत असेल तर थांब, डॉक्टरला दाखव. दिलेले पैसे संस्थेकडे पोचलेले असतात, तू धावली नाहीस म्हणून ते परत जात नाहीत. मी एक वर्ष असंच सोडलं. निधी देणाऱ्या चाळीस जणांपैकी एकानेही विचारलं नाही, फक्त सासूबाई म्हणाल्या, ‘बरं झालं.’

या आठवड्यात रक्त तपासायला देऊन ये. फेरिटिनचा आकडा आला की इथे लिही, मग पुढच्या लाँग रनचं बघू.