भरपाईचा आदेश झाला. पैसे कोणी द्यायचे?

प्रश्न : आंतरराष्ट्रीय न्यायालये युद्धगुन्ह्यांतील पीडितांना भरपाई देण्याचे आदेश काढतात. दोषीजवळ पैसेच नसतील, तर ती रक्कम देशोदेशींच्या सरकारांनी का भरावी? करदात्यांचा त्यात काय दोष?

उत्तर : दोषी स्वतः एखादे राष्ट्र असेल, तर वादाला जागा उरत नाही. कांगोत सैन्य घुसवून केलेल्या हानीबद्दल, राष्ट्राराष्ट्रांतील वाद ऐकणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये युगांडाला ३२.५ कोटी डॉलर पाच वार्षिक हप्त्यांत देण्यास सांगितले. ते युगांडाच्याच तिजोरीतून जायला हवेत.

आपल्या प्रश्नाचे खरे मूळ हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात आहे. तेथे खटला व्यक्तीवर चालतो आणि रोम संविधीच्या (ज्या कराराने हे न्यायालय स्थापन झाले त्याच्या) ७५व्या कलमानुसार भरपाईचा आदेशही त्या व्यक्तीविरुद्धच निघतो. डॉमिनिक ओंगवेन याचे उदाहरण घ्या. उत्तर युगांडातील विस्थापितांच्या छावण्यांवर हल्ले करणाऱ्या बंडखोर सेनेचा हा कमांडर लहानपणी त्याच सेनेने पळवून नेलेला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने त्याच्यावर ५ कोटी २४ लाख युरोंहून अधिक भरपाईची जबाबदारी टाकली. पीडित सुमारे ४९,७७२. प्रत्येकाला ७५० युरो प्रतीकात्मक रक्कम आणि शिवाय सामूहिक पुनर्वसन. ओंगवेनजवळ मात्र कवडीही नाही.

अशा वेळी पीडितांसाठीच्या विश्वस्त निधीकडे पाहावे लागते, आणि तो मुख्यतः सरकारांच्या ऐच्छिक देणग्यांवर चालतो. मला खटकते ते इथेच. न्यायाधीशांचे वेतन आणि न्यायालयाचा कारभार सदस्य-राष्ट्रांच्या बंधनकारक वर्गणीतून चालतो. पण ज्यांच्यासाठी हे सारे उभारले, त्यांच्या वाट्याला दात्यांची मर्जी येते. बोगोरो या कांगोतील गावावर २००३ मध्ये झालेल्या हल्ल्याच्या प्रकरणात २९७ पीडितांना प्रत्येकी २५० डॉलर मंजूर झाले आणि नेदरलँड्सने दोन लाख युरो दिले, म्हणून ती वैयक्तिक रक्कम देण्याची सोय झाली. घर जळालेल्या आणि माणसे गमावलेल्या कुटुंबाला अडीचशे डॉलर! तेवढ्यासाठीही एका सरकारच्या औदार्यावर विसंबावे लागावे, हे मला मान्य होत नाही.

करदाता दोषी नाही, हे आपले म्हणणे बरोबर आहे. परंतु सदस्य-राष्ट्रांनी स्वेच्छेने संविधीवर सही करून पीडितांना भरपाई मागण्याचा हक्क दिला आहे, आणि दिलेला शब्द पाळण्यासाठी दोषी असावे लागत नाही. म्हणून वर्गणीतलाच एक ठरावीक हिस्सा या निधीत जावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

यावर एक आक्षेप मात्र वजनदार आहे: इतरांनी पैसे भरले, की प्रत्यक्ष गुन्हेगार आणि छावण्यांतील आपल्याच नागरिकांचे रक्षण करू न शकलेले सरकार दोघेही नामानिराळे राहतील. त्यासाठी निधीने आधी पीडितांना पैसे द्यावेत आणि दोषीची मालमत्ता पुढे कधीही सापडली, तर तिच्यातून वसुली करावी. त्या सरकारची स्वतःची जबाबदारीही कायम राहावी. वसुलीला वर्षे लागली तरी निधी वाट पाहू शकतो. त्या छावण्यांतून वाचलेल्या वृद्धांजवळ तेवढी वर्षे नाहीत.