जर्मनीहून आणलेलं रेडिओ-घड्याळ इंदूरमध्ये कसं लावायचं

ताई, घड्याळ बिघडलेलं नाही, तेव्हा ते परत पाठवायच्या भानगडीत पडू नका. तुमच्या तक्रारी दोन. एक, मुलाने जर्मनीहून आणलेलं घड्याळ साडेतीन तास मागे आहे. तीन तास पुढे केलं तर अर्धा तास मागे राहतं नि चार तास केलं तर अर्धा तास पुढे जातं, शिवाय पडद्यावरचं रेडिओ-मनोऱ्याचं चिन्ह रात्रभर लुकलुकतं. दुसरी, बाहेरच्या तापमानाच्या जागी नुसत्या रेघा दिसतात. ते तापमान बिनतारी कळवणारा सेन्सर गच्चीवर टाकीपाशी ठेवलाय आणि घड्याळ खाली तळमजल्याच्या हॉलमध्ये. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, त्यामुळे वेगवेगळ्या सोडवू.

आधी वेळ. हे घड्याळ फ्रँकफर्टजवळच्या माइनफ्लिंगेन इथल्या केंद्राचा संकेत ऐकण्यासाठी बनवलेलं आहे. केंद्राचं नाव डीसीएफ ७७, वारंवारता ७७.५ किलोहर्ट्झ. तिथली लहर दर सेकंदाला क्षणभर मंद होते. एक दशांश सेकंद मंद झाली तर शून्य, दोन दशांश झाली तर एक. असे आकडे जुळवत एका मिनिटात पूर्ण तारीख आणि वेळ पाठवली जाते, आणि मिनिट संपल्याची खूण म्हणून शेवटच्या सेकंदाला लहर मंद होतच नाही. फार सुरेख योजना आहे, १९७३ पासून तारीख-वेळ अशी जाते. पण तिचा पल्ला साधारण दोन हजार किलोमीटर, आणि इंदूर तिथून सहा हजारांच्याही पलीकडे. अमेरिकेत कोलोरॅडोत असं केंद्र आहे, इंग्लंडात आहे, जपानमध्ये दोन आहेत. भारतात या घड्याळांना ऐकू येईल असं एकही नाही. पूर्वी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे वेळेचे संकेत १० मेगाहर्ट्झच्या लघुलहरींवर यायचे, पण ते या घड्याळाच्या कानाला लागणारे नव्हतेच. तेव्हा खिडकीत ठेवा, गच्चीवर न्या, उत्तरेला तोंड करा, काही उपयोग नाही. तो मनोरा लुकलुकणारच.

साडेतीन तासांचं कोडंही यातच आहे. घड्याळ सेलसकट आलं, म्हणून जर्मनीची उन्हाळी वेळ दाखवत राहिलं. आपली वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, त्यांची उन्हाळ्यात दोन तास. आणि 'झोन'चं बटण फक्त पूर्ण तासांनी सरकतं, कारण युरोपात कुणाला अर्ध्या तासाची गरज पडत नाही. म्हणून झोनने वेळ जुळवायला जाऊ नका, तो शून्यावर परत न्या.

मग असं करा. सेटिंगमध्ये जाऊन रेडिओ रिसेप्शन बंद करा. बहुतेक मॉडेलमध्ये मनोऱ्याचं किंवा 'वेव्ह' लिहिलेलं बटण तीन-चार सेकंद दाबून धरलं की मनोरा नाहीसा होतो. ही पायरी गाळू नका. रिसेप्शन चालू राहिलं तर घड्याळ रोज मध्यरात्रीनंतर अँटेना उघडून बसतं आणि फुकट सेल खातं. त्यानंतर मोबाईलवरची वेळ बघून तास, मिनिट, वर्ष, महिना, तारीख हाताने भरा. बहुतेक घड्याळांत मिनिट पक्कं केलं की सेकंद शून्यापासून सुरू होतात, म्हणून मोबाईलवर मिनिट बदलण्याच्या क्षणी बटण दाबा. अमेरिकेहून आलेलं मॉडेल असेल तर 'डीएसटी' (म्हणजे उन्हाळी वेळ) लिहिलेला पर्यायही बंद करा, नाहीतर मार्चमध्ये घड्याळ आपणहून तासभर पुढे उडी मारेल.

आता हे साधं क्वार्ट्झ घड्याळ झालं, आणि त्यात काही कमीपणा नाही. फक्त एक लक्षात ठेवा. आतला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, पण तो पंचवीस अंशांच्या आसपास नीट चालेल असा बनवलेला असतो. त्याहून गार असो की गरम, दोन्हीकडे तो मंदावतो. मे महिन्यात आपल्या हॉलमध्ये अडतीस अंश असले तर नुसत्या उष्णतेने घड्याळ दिवसाला साधारण अर्धा सेकंद मागे पडतं, महिन्याला पंधराएक सेकंद. त्यात स्फटिकाची मूळची चूक वेगळी. दर महिन्याच्या एक तारखेला जुळवून घेतलं की भागतं.

मोबाईलवर डीसीएफची नक्कल करणारी ॲप मिळतात, त्याबद्दल कुणीतरी सांगेलच. ती हेडफोनमधून १५.५ किलोहर्ट्झचा आवाज काढतात आणि त्याची पाचपट म्हणजे ७७.५ ची लहर घड्याळाच्या कॉइलपर्यंत पोचते. हेडफोनची वायर घड्याळाला गुंडाळावी लागते आणि भारताची वेळ जर्मनीची म्हणून खपवावी लागते. चालतं ते. मुलांना सुट्टीत करायला मजेचं आहे, पण रोजच्या वापरासाठी कशाला हा उपद्व्याप!

खरा मोलाचा भाग सेन्सरचा आहे. आपल्याकडे या वस्तूकडे घड्याळ म्हणून न बघता थर्मामीटर म्हणून बघावं असं माझं मत आहे.

सेन्सर बहुधा ४३३ मेगाहर्ट्झवर चालतो, मागच्या स्टिकरवर लिहिलेलं असेल. डब्यावर 'तीस मीटर' किंवा 'शंभर मीटर' छापलेलं असतं ते मोकळ्या मैदानातलं. तुमच्याकडे मधे लोखंडी सळयांचे स्लॅब आहेत, आणि वर सेन्सर टाकीच्या लोखंडी स्टँडला टेकलेला. एवढ्या अडथळ्यांतून संदेश खाली येईल ही अपेक्षाच चूक. आपल्या इंदूरच्या रामबागेतल्या जुन्या लाकडी माळवदाच्या वाड्यात कदाचित पोचलाही असता.

जोडणी अशी करा. दोन्हींचे सेल काढा. दोन्ही वस्तू टेबलावर हातभर अंतरावर ठेवा. सेन्सरच्या सेलच्या कप्प्यात छोटा खटका असेल, तो चॅनल १ वर आहे ना बघा, आणि घड्याळावरही चॅनल १ च निवडा. आधी सेन्सरमध्ये सेल, लगेच घड्याळात. घड्याळ पहिली काही मिनिटंच सेन्सर शोधतं, म्हणून त्या वेळात दुसरी बटणं दाबत बसू नका. आकडा आला की तासभर दोन्ही शेजारी राहू द्या, आतलं नि बाहेरचं तापमान अंशभराच्या फरकाने जुळलं पाहिजे. बऱ्याच सेन्सरांत सेल काढला की सेन्सर नवा ओळख-क्रमांक घेतो आणि घड्याळ जुन्याचीच वाट बघत बसतं. म्हणून पुढे कधीही सेन्सरचे सेल बदलले की ही जोडणी पुन्हा करावी लागेल. रेघा दिसण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण.

सेल अल्कलाइनच घाला. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचा असतो, त्यावर पल्ला कमी होतो नि आकडे फिकट दिसतात.

जागेचं म्हणाल तर गच्ची विसरा. हॉलच्याच मजल्यावर, उत्तरेच्या भिंतीला, छज्जाखाली, जमिनीपासून पुरुषभर उंचीवर. ऊन दिवसातून कधीच अंगावर पडता कामा नये, सकाळचं तिरपंसुद्धा. उन्हात ठेवलेला सेन्सर हवेचं तापमान सांगतच नाही, तो स्वतःच्या तापलेल्या प्लास्टिकचं सांगतो. भिंतीला चिकटवू नका, लाकडी पट्टीवर टांगून मागे बोटभर मोकळी जागा सोडा, कारण दिवसभर तापलेली भिंत रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहते. कूलर नि एसी या दोघांपासून लांब. कूलरच्या गवताच्या जाळीजवळ ठेवला तर नवतपातही, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांतही, महाबळेश्वरचं तापमान दाखवेल! पावसाळ्यासाठी उभाच टांगा, आडवा ठेवला तर सेलच्या झाकणातून पाणी शिरतं.

एवढं करूनही तुमचा आकडा पेपरातल्या आकड्याशी जुळणार नाही. हवामान खात्याची नोंद विमानतळाकडची, मोकळ्या जागेतली, झडपांच्या पांढऱ्या पेटीतल्या थर्मामीटरची असते. दाट वस्तीत रात्रीचं किमान तापमान दोन-तीन अंश जास्त येणं साहजिक आहे. सेन्सरचीच शंका असेल तर तो प्लास्टिकच्या घट्ट पिशवीत बंद करून, कुटलेला बर्फ आणि थोडं पाणी घातलेल्या पातेल्यात अर्धा तास बुडवा. शून्याच्या आसपास आला तर सेन्सर बरोबर आहे.

आणि 'मॅक्स-मिन' बटण रोज बघत चला. मार्चमध्ये दुपारची पस्तिशी आणि पहाटेची पंधरा-सोळा एकाच दिवसात दिसते. माळव्याच्या रात्रींचं कौतुक उगाच नाही झालं.

उत्तरेच्या भिंतीवरूनही आकडा येत नसेल तर सेन्सरच्या स्टिकरवर किती मेगाहर्ट्झ लिहिलंय ते आणि घड्याळाचा मॉडेल क्रमांक इथे टाका, मग पुढचं बघू.