गाडीच्या बॅटरीवर घर चालेल का?

प्रश्न : पावसात वीज गेली की इलेक्ट्रिक गाडीच्या व्ही-टू-एल (बॅटरीतली वीज बाहेरच्या उपकरणांना देणाऱ्या) सॉकेटवरून घर चालवता येईल का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : येईल, पण गाडीची वायर घरातल्या प्लगमध्ये कधीही खुपसू नका! वीज उलटी खांबावर जाते आणि दुरुस्तीला चढलेल्या लाइनमनचा जीव जाऊ शकतो. परवानाधारक वायरमनकडून फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा चेंजओव्हर स्विच (घर एका वेळी बाहेरची लाइन किंवा गाडी, यांपैकी एकालाच जोडणारा) बसवून घ्या. फ्रिज, तीन पंखे, दिवे मिळून सुमारे 400 वॅट. आठ तासांत 3.2 युनिट, म्हणजे 40 युनिटच्या बॅटरीचा दहावा हिस्साही नाही. विहिरीचा एक एचपीचा पंप मात्र जोडू नका. सुरू होताना तो पाच-सहापट करंट ओढतो आणि गाडीचा 3.3 किलोवॅटचा पुरवठा ट्रिप होतो. ग्रिडला, म्हणजे वीज खात्याच्या जाळ्याला, वीज द्यायची तर दुतर्फा चार्जर (गाडीत वीज भरणारा आणि परत बाहेरही देणारा) हवा, शिवाय वीज खात्याची परवानगी.