गोव्यात घराला लोखंडी गेट आणि कोरीव दगडी खांब करायचेत, काय काळजी घ्यावी?

गेटचं वजन कोरीव दगडावर अजिबात टाकू नका, आधी हे. आत आरसीसीचा, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटचा खांब भरून घ्या, बिजागरीची प्लेट त्या काँक्रीटमध्येच पकडा आणि कोरीव दगड बाहेरून लावा. आमच्या म्हापशाच्या घरी मिस्त्रीने साधे लोखंडी अँकर थेट दगडात ठोकले होते, तिसऱ्या पावसाळ्यात बिजागरीखाली तांबडा ओघळ आला आणि मग कोरलेल्या वेलीच्या मधोमध तडा, कारण लोखंड गंजलं की फुगतं आणि दगडाला आतून फाडतं. फार जीव हळहळला. म्हणून दगडातल्या पिना ३१६ ग्रेड स्टेनलेसच्याच घ्या, ३०४ वर खाऱ्या हवेत डाग पडतात.

आपला चिरा (जांभा दगड) खांबाला मस्त, पण त्यात भोकं भोकं असतात, बारीक नक्षी नीट उठत नाही, तेवढा भाग काळ्या दगडात करून घ्या.

गेटचं वेल्डिंग, ड्रिलिंग सगळं झाल्यावरच हॉट डिप गॅल्वनाइझिंगला (वितळलेल्या झिंकमध्ये बुडवून गंजरोधक थर चढवायला) पाठवा, नंतर वेल्ड मारलं तर तिथलं झिंक जळतं. बंद पाइपांना हवेची भोकं ठेवायला सांगाच, नाहीतर गरम झिंकच्या टाकीत पाइप फुटू शकतो. आणि गेटचं फायनल माप दगड बसल्यावर घ्या, शक्यतो मे संपायच्या आत काम उरका.