देहकला, शरीरकला की अंगकला?

प्रश्न असा आला आहे: एका प्रदर्शनाच्या माहितीपत्रकाचं मराठी करताना 'बॉडी आर्ट'पाशी, म्हणजे कलावंत स्वतःच्या शरीरालाच माध्यम करतो त्या कलेपाशी, गाडी अडली. मजकूर आहे तो स्वतःच्याच शरीरातून 'मी कोण' हे धुंडाळणाऱ्या स्त्री-कलावंतांबद्दल. मग देहकला म्हणावं, शरीरकला म्हणावं, की आणखी काही?

शरीरकला आधी बाजूला ठेवू. 'शरीर' मराठीत दवाखान्यात आणि तालमीत राहतं. शरीरकला वाचून कुणाच्या डोळ्यांसमोर मल्लखांब आला तर तो वाचकाचा दोष नाही. 'देह' भारदस्त खरा, पण आपल्याकडे तो बहुधा सोडून जाण्यापुरताच येतो: देह ठेवला, देहभान हरपलं. वर्तमानपत्रांनी त्याला 'देहविक्रय' चिकटवला तो वेगळाच. काया, कुडी, तनू कवितेत राहू देत.

उरलं 'अंग'. संस्कृतात हा मुळात अवयव. मराठीत मात्र अंग कसकसतं तेव्हा सबंध शरीरच कसकसत असतं, आणि 'अंगचा गुण', 'अंगी बाणलेलं' म्हणताना आपण माणसाच्या स्वभावाबद्दल बोलत असतो. शरीर आणि 'मी', दोन्ही एकाच शब्दात. शिवाय बायकांच्या बोलण्यात हा शब्द किती ठिकाणी येतो पाहा. मूल अंगावर पितं. रक्त जायला लागलं की 'अंगावरून जातंय'. गर्भाशय खाली सरकलं तर 'अंग बाहेर येतंय'. गर्दीत ती अंग चोरून उभी राहते, आणि घरी दुखणं अंगावर काढते. डॉक्टरांपुढेही नेमकं नाव न घेता सगळं सांगून होतं ते या एका शब्दाच्या जिवावर.

या कलावंत नेमकं तेच झाकलेलं उघड करतात. मेक्सिकोच्या फ्रिदा काहलोचं 1932 सालचं 'हेन्री फोर्ड हॉस्पिटल' हे चित्र घ्या. अठराव्या वर्षी बसच्या अपघातात तिचा कणा आणि कटीची हाडं मोडली होती. पुढे डेट्रॉइटमध्ये तिचा गर्भ पडला, आणि त्यानंतर तिनं हे काढलं, कॅनव्हासवर नव्हे, धातूच्या पत्र्यावर. उघड्या माळावर एक पलंग, मागे क्षितिजावर कारखाने. पलंगावर ती स्वतः, नग्न, खाली चादरीवर रक्त, डोळ्यातून एक मोठा थेंब. हातात सहा तांबड्या दोऱ्या, प्रत्येकीच्या टोकाला एकेक वस्तू: गर्भ, गोगलगाय, कटीचं हाड, ऑर्किडचं फूल, एक यंत्र, बाईच्या धडाची प्रतिकृती. आपल्याकडे दुखणं अंगावर काढतात. हिनं ते पत्र्यावर काढलं. (इथं 'विवस्त्र' लिहू नका. विवस्त्र कुणीतरी करतं, मराठी वाचकाला लगेच द्रौपदी आठवते. 'नग्न' पुरे.)

आना मेंदिएता क्यूबाची. 1961 मध्ये, बाराव्या वर्षी, आईवडिलांवाचून तिला अमेरिकेत धाडण्यात आलं. 1973 पासून आयोवात आणि मेक्सिकोत ती मातीत, वाळूत, गवतात आपल्या अंगाचा ठसा उमटवत गेली; कधी त्यात फुलं भरली, कधी बंदुकीची दारू भरून पेटवली. या 'सिलुएता' (स्पॅनिश शब्द, इंग्रजीतलं 'सिल्हूट') मालिकेला 'छायाकृती' म्हणण्याचा मोह होईल. तो आवरा. छाया पडते, ठसा उमटवावा लागतो. जिची माती सुटली, तिनं मातीवरच ठसा उमटवण्यात जे आहे, ते छायेत येत नाही.

दिल्लीच्या सोनिया खुराना यांच्या 'बर्ड' या व्हिडिओसाठी तर मराठी वाक्प्रचार उलटा करायचा, एवढंच. भरलेल्या बांध्याची नग्न बाई पक्ष्यासारखी उडू पाहते, तोल जाऊन पडते. ती अंग चोरत नाही.

'अंग'ला एक अडचण आहे हे कबूल. सिनेमाच्या बातम्यांतलं 'अंगप्रदर्शन' त्याच्या मागे लागलं आहे, आणि 'अंगकला' असा समास छापला तर निम्म्या वाचकांना तेच आठवेल, उरलेल्यांना गोंदण. 'आंगिक' हे विशेषण चाललं असतं, पण ते अभिनयाच्या चार प्रकारांत आधीच अडकलं आहे. एकूण नवा समास पाडूच नये असं माझं मत. मराठीला नामांपेक्षा क्रियापदं बरी मानवतात, आणि माहितीपत्रकांच्या भाषेला याचा नेहमी विसर पडतो.

तेव्हा शीर्षकात 'बॉडी आर्ट' देवनागरीत तसंच ठेवा, पहिल्याच वाक्यात 'स्वतःच्या अंगालाच माध्यम करणाऱ्या कलावंत' असं उलगडा, आणि पुढे जिथं मूळ मजकुरात नुसतं 'बॉडी' असेल तिथं निःशंक 'अंग' लिहा. अपवाद देहबोलीचा; ती आता रुळली आहे, तिला हात लावू नका.